पोर्नच्या सवयीशी झुंज आणि शुद्ध जीवन: कॅथलिक परंपरा नेमके काय सांगते?

नाशिकरोडकर

धर्मग्रामातील (पॅरिशमधील) तरुणांच्या आणि विवाहपूर्व तयारीच्या वर्गांत नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहून घेण्याची पद्धत आहे. तोंडी कधीही न विचारला जाणारा एक प्रश्न त्या चिठ्ठ्यांत हमखास सापडतो: मोबाइलवर अश्लील व्हिडिओ पाहण्याची सवय लागली आहे, सुटत नाही, काय करावे? त्यावर "प्रार्थना करा, मन कामात गुंतवा" एवढे उत्तर देऊन बहुतेक जण पुढच्या चिठ्ठीकडे वळतात. ते चुकीचे नाही, पण ज्याने हे दोन्ही करून पाहिले आहे त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. कॅथलिक परंपरेत या विषयाचा पुष्कळ बारकाईने विचार झालेला आहे आणि तो मराठीत सलग मांडलेला क्वचितच दिसतो, म्हणून हा धागा काढत आहे. ख्रिस्ती नसलेल्या सभासदांनीही मोकळेपणाने लिहावे, फक्त टवाळी नको.

आधी चर्चची भूमिका. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या (चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, कॅटेकिझम) २३५४व्या परिच्छेदात पोर्नला गंभीर पाप ठरवले आहे आणि त्याची कारणेही दिली आहेत. पती-पत्नींच्या एकांतातील कृती तिथून उचलून तिऱ्हाइतांसमोर मांडली जाते. त्यात काम करणारे, ते विकणारे आणि ते पाहणारे अशा सर्वांच्याच प्रतिष्ठेला त्यामुळे इजा होते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या सुखाचे किंवा नफ्याचे साधन होतो. आणि सगळेच एका भासमय जगात ओढले जातात. शरीर घाणेरडे आहे, असे कारण त्यात कुठेही नाही. आपल्याकडच्या कित्येक प्रवचनांतून मात्र नेमका तोच समज घेऊन मुले घरी जातात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी सप्टेंबर १९७९ ते नोव्हेंबर १९८४ या काळात बुधवारच्या सभांतून मानवी शरीर आणि प्रेम या विषयावर जी १२९ प्रवचनांची मालिका मांडली, तिचा सारा भर शरीरातून व्यक्ती प्रकट होते या विचारावर आहे. व्यक्ती बाजूला सारून केवळ शरीर वापरायला घेणाऱ्या नजरेत त्यांना दोष दिसतो. पोप फ्रान्सिस यांनी १७ जानेवारी २०२४ च्या सभेत वासनेविषयी बोलताना लैंगिक सुख ही देवाची देणगी आहे आणि पोर्न ती पोखरते, असे सांगितले. ऑक्टोबर २०२२ मध्ये रोममध्ये शिकणाऱ्या धर्मगुरूंशी आणि सेमिनरीतील विद्यार्थ्यांशी बोलताना तर त्यांनी ही सवय धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींनाही असते, हे उघड मान्य केले होते.

दुसरी गोष्ट, शुद्धता, म्हणजे लैंगिक जीवनातील संयम, हा फक्त फादर-सिस्टरांचा विषय आहे असे आपल्या लोकांना वाटते. धर्मशिक्षणग्रंथ बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला तिचे पाचारण आहे असे म्हणतो, मग तो विवाहित असो, अविवाहित असो वा विधुर. त्याच ग्रंथात दोन वाक्ये अशी आहेत की जी चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचून दाखवावीत: आत्मसंयम हे दीर्घ आणि कष्टाचे काम आहे, तो एकदा मिळाला म्हणजे कायमचा मिळाला असे कधीही समजू नये, आणि शुद्धतेला वाढीचे टप्पे असतात, त्यांत अपुरेपणा असतो आणि पुष्कळदा पापही असते. हस्तमैथुनाविषयीच्या २३५२व्या परिच्छेदात तर जडलेली सवय, भावनिक अपरिपक्वता आणि मनावरील ताण यांमुळे व्यक्तीची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. ही मोकळीक नव्हे. कृती चुकीची ती चुकीचीच राहते. परंतु दृढीकरण संस्कार (कन्फर्मेशन) झाल्यावरही ओढ संपली नाही म्हणजे आपल्यातच काही तरी विकृत आहे, अशा समजुतीने जो तरुण चर्चला येणेच सोडतो, त्याला चर्चने ते कधीही सांगितलेले नसते.

आता उपायांकडे येतो. नाशिक रोडचे बाळ येशू मंदिर येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंच्या देखरेखीखाली असल्यामुळे त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे नाव इथे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांच्या साधनापुस्तिकेत, जिला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, या सवयीवर थेट लागू पडणारी सामग्री आहे हे फारसे कोणी सांगत नाही. त्यातील एक नियम म्हणतो की सैतान हा चोरट्या प्रियकरासारखा असतो: त्याला सर्वांत जास्त भीती असते ती आपले बोलणे मुलीच्या बापाच्या किंवा नवऱ्याच्या कानावर जाण्याची, आणि ते चांगल्या मार्गदर्शकाला सांगितले गेले की त्याचा डाव फसतो. लगेच पुढचा नियम सांगतो की तो किल्ल्याभोवती फिरून तटाची कमजोर बाजू हेरतो आणि तिथूनच चढतो. पहिल्या नियमातून गुप्तता मोडणे आले, दुसऱ्यातून आपली पडण्याची ठरलेली वेळ आणि जागा शोधणे आले.

तिसरे साधन म्हणजे विशिष्ट दोषाची रोजची तपासणी. कागदावर आठवड्यातल्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेषा आखायच्या. सकाळी उठताच ज्या एका दोषापासून स्वतःला जपायचे तो मनात ठरवायचा. दुपारच्या जेवणानंतर तासातासाने मागे जाऊन किती वेळा घसरलो हे आठवायचे आणि तितके ठिपके पहिल्या रेषेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर तसेच दुसऱ्या रेषेवर. दिवसभरात घसरल्याक्षणी छातीवर हात ठेवून मनात पश्चात्ताप करायचा, जो चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही. मग दुसऱ्या रेषेची तुलना पहिलीशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी. आज मुले मोबाइलमध्ये "सलग किती दिवस शुद्ध" मोजणारी ॲप ठेवतात, त्यांत एकदा चूक झाली की आकडा शून्यावर येतो, आणि आता शून्य झालेच आहे तर आणखी पाहून घेऊ, या विचाराने पोरगा ती सबंध रात्र घालवतो. इग्नेशियसच्या कागदावर शून्य नावाचा प्रकारच नाही. मागच्या आठवड्यापेक्षा ठिपके कमी झाले का, एवढेच तिथे पाहायचे असते, आणि माझ्या मते सवयीशी झुंजणाऱ्याला टिकवून धरणारा फरक तोच आहे.

तिसरी पाळी

दादा, चिठ्ठी लिहिणाऱ्यांतलाच एक आहे असे समजा. अंबड एमआयडीसीत कामाला आहे, चौघे मिळून खोली घेतली आहे. रात्रपाळी करून सकाळी आलो की बाकीचे कामावर गेलेले असतात, खोली रिकामी असते, थकूनही झोप लागत नाही आणि हात मोबाइलकडे जातो. तटाची कमजोर बाजू कोणती ते मला शोधावे लागणार नाही.

माझा प्रश्न पापनिवेदनाबद्दल, म्हणजे फादरांसमोर पाप कबूल करून क्षमा मागण्याबद्दल (कन्फेशन) आहे. दर वेळी तेच पाप, त्याच फादरांसमोर, तेच शब्द. "पुन्हा करणार नाही" असे म्हणताना मनात ठाऊक असते की पुन्हा होईल, मग ही देवाशी लबाडी झाली का? या विचाराने मी कन्फेशनला जाणे बंद केले आणि त्यामुळे कम्युनियन, म्हणजे मिस्सात (उपासनेत) मिळणारी पवित्र भाकर, घेणेही थांबले. मिस्साच्या वेळी सगळे रांगेत उठतात आणि मी बाकावर बसून राहतो, आणि पुढच्या बाकावरची मावशी दर रविवारी वळून पाहते. दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन पापनिवेदन केले तर चालते का?

देवळालीकर

चालते. चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ९९१ क्रमांकाचा नियम आहे की प्रत्येक भाविकाला आपल्या पसंतीच्या धर्मगुरूकडे पापनिवेदन करण्याची मोकळीक आहे. तुम्ही अंबडहून त्र्यंबक नाक्याजवळच्या होली क्रॉसला जा, बाळ येशू मंदिरात जा, कोणी हरकत घेणार नाही. ९८३व्या नियमाप्रमाणे धर्मगुरू तुमचे पाप शब्दाने वा खुणेने कुणालाही सांगू शकत नाही, आणि ९८४व्या नियमाप्रमाणे ऐकलेल्या गोष्टीचा तुम्हाला अडचणीचा ठरेल असा कोणताही उपयोग तो करू शकत नाही. तेव्हा ते फादर तुम्हाला गायनमंडळातून काढतील किंवा तुमच्या लग्नाच्या बोलणीत काही बोलतील, अशी शंका मनात असेल तर ती काढून टाका.

तरीही माझा सल्ला उलटा आहे. एकच धर्मगुरू धरा. दर महिन्याला नवे चर्च शोधणाऱ्याला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पडल्यासारखे बोलता येते, आणि त्यामुळे कोणालाच त्याचा मागचा-पुढचा इतिहास कळत नाही. ज्या फादरांना तुमची पाळी, तुमची खोली आणि तुमचे ठिपके ठाऊक आहेत ते नुसते "तीन वेळा नमो मरियाची प्रार्थना म्हणा" असे सांगून थांबणार नाहीत. एखादे धर्मगुरू घाईत असतात, एखादे नको तितके कठोर असतात, हे मी नाकारत नाही. तसे आढळले तर खुशाल बदला, पण बदललेले मग टिकवा.

लबाडीचा प्रश्न मात्र मनावरून उतरवा. पापनिवेदनात मागितला जातो तो आजचा निश्चय, उद्याचे भाकीत नव्हे. "मी पडेन असे मला वाटते" आणि "मला पडायचे आहे" या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मनात असतानाही पश्चात्ताप खरा असू शकतो. तो खरा आहे की नाही याची परीक्षा पश्चात्तापाच्या प्रार्थनेतच आहे, कारण तिच्यात आपण पापाचे प्रसंग टाळण्याचेही वचन देतो. तुमच्या बाबतीत प्रसंग कोणता हे तुम्हीच लिहिले आहे. सकाळी खोलीवर येताना मोबाइल हातात न येईल अशी व्यवस्था तुम्ही केलीत, तर निश्चय प्रामाणिक आहे हे सिद्ध झाले, मग पुढे काहीही होवो.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या तरुणपणाबद्दल लिहून ठेवले आहे की देवाकडे शुद्धता तर मागत होतो, पण "इतक्यात नको" असेही म्हणत होतो. बिघडलेल्या इच्छेतून वासना झाली, वासनेची चाकरी करता करता सवय झाली आणि सवयीला अडवले नाही म्हणून ती गरज होऊन बसली, अशी साखळी त्यांनी मांडली आहे. ३८६ साली मिलानमधल्या बागेत त्यांचे मन देवाकडे वळले, पण त्याआधीची वर्षानुवर्षांची ओढाताण त्यांनी लपवली नाही. मिस्साला तुम्ही आजही जाता, हे कमी समजू नका.

गोदाकाठ

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडीने वाचतो आहे. एक शंका मनात येते ती विचारतो. प्रौढ माणसाने खाजगीत काही पाहिले तर त्यात एवढे अपराधी वाटण्याचे कारण काय? मला तर असे वाटते की पाहण्यापेक्षा या अपराधी भावनेनेच जास्त माणसे खचत असतील. ब्रह्मचर्याचे गोडवे आमच्याकडेही गायले जातात आणि त्यातून झालेली कोंडी मी जवळून पाहिली आहे.

समुपदेशक_कॉलेजरोड

गोदाकाठ यांच्या शंकेत तथ्य आहे आणि तिचे उत्तर वैद्यकशास्त्रानेही दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराची नोंद आहे. तो व्यसनांच्या गटात ठेवलेला नाही, आवेगांवरील नियंत्रणाच्या विकारांत ठेवला आहे. वर्तन दीर्घकाळ आवरता येत नाही आणि त्यापायी आरोग्य, काम, नाती यांची हेळसांड होते, अशी त्याची लक्षणे दिली आहेत, आणि त्याचबरोबर असेही बजावले आहे की केवळ नैतिक नापसंतीतून येणारा मनस्ताप हा विकार ठरवण्यास पुरेसा नाही. म्हणजे महिन्यातून एकदा पाहून महिनाभर स्वतःला शिव्या देणारा मुलगा आजारी नसतो. पण ज्याची झोप, नोकरी आणि संसार त्यात चालला आहे त्याला "हे नैसर्गिकच आहे" असे सांगून परत पाठवणे हाही अन्यायच आहे.

मी स्वतः कॅथलिक आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्याला मी प्रवचन देत नाही. धर्मगुरू पापाची क्षमा देतो, समुपदेशक सवयीमागचा एकटेपणा, निद्रानाश किंवा नैराश्य शोधतो, आणि एकाने दुसऱ्याचे काम करायला जाऊ नये. ज्यांना प्रत्यक्ष येणे जड जाते त्यांनी शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला १४४१६ वर फोन करावा. तो विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. बारा पायऱ्यांच्या धर्तीवर चालणारे गटही कित्येकांना उपयोगी पडतात. त्या पायऱ्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या चळवळीत मद्यपींसाठी लिहिल्या गेल्या होत्या, आणि त्यांचे इग्नेशियसच्या साधनेशी असलेले साम्य एडवर्ड डाउलिंग या येशूसंघीय धर्मगुरूंनी ओळखले आणि १९४० पासून त्या चळवळीच्या संस्थापकांपैकी बिल विल्सन यांना आधार दिला, ही जाता जाता एक माहिती.

संध्या_ना

इतका वेळ वाचत होते, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत हा पुरुषाच्या मनातला एक लढा आहे आणि त्यात बायको कुठेच नाही. "लग्न करून द्या, आपोआप सुटेल" हा सल्ला आपल्या समाजात, आणि हो, आपल्या चर्चच्या आवारातसुद्धा सर्रास दिला जातो. सवय सुटत नाही. ती नव्या घरात येते, आणि आपल्यात काय कमी आहे या प्रश्नात एक मुलगी वर्षे काढते. कुणाची पत्नी ही कुणाचे औषध नाही. जॉन पॉल यांनीच १९८० साली म्हटले होते की पुरुष स्वतःच्या पत्नीकडेही वासनेने पाहून मनात व्यभिचार करू शकतो, आणि त्यावरून तेव्हा वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला होता. मला त्यात काही विचित्र वाटत नाही. जी कोणी ते भोगले आहे तिला ते वाक्य एका वाचनात समजते.

दुसरे असे की बायकाही पाहतात. त्यांना मात्र कोणी चिठ्ठीवरसुद्धा विचारत नाही, आणि पापनिवेदनात पुरुषासमोर हे बोलायचे म्हणजे काय असते याची कल्पना इथल्या दादा-काकांनी करून पाहावी. महिलांच्या वर्गात एखाद्या सिस्टरने किंवा विवाहित बाईने हा विषय काढला पाहिजे.

आणि पडद्यावर जी आहे तीही कुणाची तरी मुलगी आहे. ती स्वतःच्या मर्जीने तिथे आली, की फसवून आणली, की तिला ठाऊक नसतानाच कुणी चित्रण केले, हे पाहणाऱ्याला कधीच कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर कायदाही थांबलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७बी कलमाखाली तसले साहित्य शोधणे आणि उतरवून घेणे हाही गुन्हा आहे.

सातपूरचा_तंत्रज्ञ

तिसरी पाळी यांच्यासाठी थोडे कामाचे. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून पुढच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" असा पर्याय असतो. तिथे क्लाउडफ्लेअरच्या कुटुंबांसाठीच्या मोफत सेवेचे नाव घातले की बहुतेक अश्लील संकेतस्थळे कोणत्याही ब्राउझरमधून उघडत नाहीत. आयफोनमध्ये स्क्रीन टाइममध्ये प्रौढ संकेतस्थळांवर मर्यादा घालता येते, आणि त्याचा पासकोड दुसऱ्या कुणाकडून टाकून घ्यावा. याने भिंत उभी राहत नाही, हेही सांगतो. सेटिंग परत बदलली की सगळे निष्फळ होते, आणि टेलिग्रामवर किंवा रील्समध्ये जे येते ते या चाळणीत अडकत नाही. उपयोग इतकाच की हात सवयीने जातो तेव्हा मध्ये अर्ध्या मिनिटाची अडचण येते. सरकारनेही २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे बंद करायला सांगितली होती, त्याचे पुढे काय झाले ते सर्वांनी पाहिलेच आहे.

साध्या बटणांचा फोन आजही बाजारात मिळतो. पाळीवरून आल्यावर सिमकार्ड त्यात आणि स्मार्टफोन खोलीतल्या मित्राच्या कुलपात, हा माझ्या मते कोणत्याही ॲपपेक्षा चांगला बंदोबस्त आहे.

नाशिकरोडकर

संध्याताई, तुमचा आक्षेप पूर्ण मान्य आहे, आणि विवाहपूर्व वर्गात "लग्नाने सुटेल" हा समज पहिल्याच दिवशी खोडून काढायला हवा. लग्न ठरलेल्यांपैकी कुणाला ही सवय असेल तर ती लग्नाआधी जोडीदाराला सांगावी का, असा प्रश्न येतो. पापनिवेदनासाठी ते आवश्यक नाही. तरी सवय जडलेली असेल तर सांगावे, असे माझे मत आहे. मात्र बारीकसारीक तपशील तिच्या डोक्यावर लादू नयेत आणि आपल्यावर पहारा ठेवण्याचे काम तिला देऊ नये. ते काम धर्मगुरूचे, मित्राचे किंवा समुपदेशकाचे.

गोदाकाठ, कोंडी तुम्ही पाहिली असेल यात शंका नाही. नुसते "नको" म्हणण्यावर उभे राहिलेले ब्रह्मचर्य तिथेच जाते. म्हणून धर्मशिक्षणग्रंथात शुद्धतेच्या साधनांमध्ये आत्मज्ञान, परिस्थितीला साजेसा संयम आणि प्रार्थना यांची नावे येतात, आणि शुद्धता मैत्रीत फुलते असेही म्हटले आहे. रविवारी मिस्सानंतर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्यांत हा प्रश्न येत नाही असे नाही, पण ती मुले मदत लवकर मागतात, हे मी पाहत आलो आहे. डोमिनिकन संघाचा संत थॉमस अक्विनास यांच्या नावाने चालणारा एक जुना बंधुसंघ आहे, त्याचे सभासद कमरेला पंधरा गाठींची दोरी बांधतात आणि रोज पंधरा नमो मरिया म्हणतात. २०२५ मध्ये संत म्हणून घोषित झालेले इटलीचे तरुण पिएर जॉर्जो फ्रासाती त्यात होते. दोरी कुणाला जुनाट वाटेल, पण आपण एकटेच लढत नाही ही आठवण कमरेला बांधून फिरणे मला तरी शहाणपणाचे वाटते.

तिसरी पाळी

सर्वांचे आभार. बटणांचा फोन खोलीतल्या एकाकडे जुना पडलेला आहे, तो मागितला आहे. कशासाठी हवा, असे त्याने विचारले तेव्हा झोप होत नाही एवढेच सांगितले. दादा, ठिपक्यांच्या कागदाबद्दल एक अडचण आहे. माझा दिवस संध्याकाळी सुरू होतो आणि पाळी दर आठवड्याला बदलते. मग सकाळची, दुपारची आणि रात्रीची वेळ कोणती धरायची?

नाशिकरोडकर

इग्नेशियसने त्या तीन वेळा उठण्याशी आणि जेवणांशी बांधल्या आहेत, घड्याळाशी नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही दुपारी चारला उठत असाल तर निश्चय चारला करा, पहिली तपासणी कंपनीतल्या मधल्या जेवणानंतर, आणि दुसरी सकाळी खोलीवर येऊन काही खाल्ले की लगेच, आडवे होण्याच्या आधी. धोक्याची वेळ त्याच्या नंतर येते, म्हणून त्या वेळचे ठिपके दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या रेषेवर पडतील. ते तसेच पडू द्या. पाळी बदलली की नव्या कागदावर सुरू करा आणि तुलना मागच्या रात्रपाळीच्या आठवड्याशी करा, दिवसपाळीशी नको. झोपेची गोष्ट मित्राला सांगितलीत ती खरीच आहे. उरलेली त्याला सांगायची की नाही, हे आधी फादरांशी बोलून ठरवा.